आडोशाला जेवायला बसलेल्यांचे फावडे

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी एक जुने फावडे आहे आणि मी रागावलेले आहे. कान झाकून घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या.

मी शेतावरचे फावडे नव्हे. त्यांना मान असतो, आणि त्यांच्याकडून काय करून घ्यायचे हे माणसांना ठाऊक असते. मी बर्फाचे फावडे. पाते अॅल्युमिनियमचे, पिवळे, मोठ्या ताटाएवढे. दांडा वेगळा निघणारा. दांड्याच्या टोकाला स्प्रिंगचे बारीक बटण आहे. ते दाबायचे, दांडा पात्याच्या नळीत सरकवायचा, बटण भोकातून 'टक्' करून वर आले की मी तयार. सॅकमध्ये मावावे म्हणून मला असे दोन तुकड्यांत बनवले. डोंगरावरून बर्फ घसरून खाली आला आणि त्यात माणूस गाडला गेला, तर त्याला उकरून काढायचे, एवढ्या एकाच कामासाठी माझा जन्म आहे. कारखान्यातून निघताना माझ्या पात्यावर त्याचे चित्रही चिकटवलेले होते. चित्र इतके सोपे होते, की चार वर्षांच्या पोराला कळले असते.

मला विकत घेतले एका सर्जनने.

डॉक्टर रघुवीर देवस्थळी. ग्लासगोच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माणसांची पोटे उघडायचे आणि बंद करायचे. दुकानात माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं आहे की. गाडीत असू दे." चित्र त्यांनी नखाने सोलून काढले, कारण त्यांना वस्तूवर चिकटवलेले काही आवडत नसे.

मग मी गाडीच्या डिकीत राहू लागले. माझ्याकडून काय काय करून घेतले ते ऐका. नुसत्या पात्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढला, ते एक वेळ ठीक. बार्बेक्यूचे निखारे उचलले. शेजारच्या मिसेस मॅकायव्हरच्या कुंडीतली गोगलगाय सन्मानाने कुंपणापलीकडे पोहोचवली. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला झारा हरवला, तेव्हा माझ्या पात्यावर फॉइल अंथरून कांदाभजी वाढली, आणि एक बाई म्हणाल्या, "अय्या, किती छान ट्रे!" मी काही बोलले नाही. फावड्याला बोलता येत नाही, हा फावड्यांवरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

पण एक दिवस असा होता, की मला डोक्यावर घेत. खंडेनवमी.

डॉक्टरांच्या पत्नी सुप्रभाताई मिरजेच्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झालीच पाहिजे, असा त्यांच्या माहेरचा नेम. ग्लासगोत तलवारी कुठून आणणार? म्हणून पाटावर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, ड्रिल मशीन, विळी, लॅपटॉप आणि मी.

"अगं, त्याला कशाला?" डॉक्टर म्हणायचे.

"असू दे हो. तेही हत्यारच ना? डोंगरात नेता तुम्ही."

"नेतो कुठे? गाडीत असतं."

"मग गाडीत सांभाळतं तुम्हाला."

हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचे फूल, वर साखरेचा नैवेद्य. लॅपटॉपला सुप्रभाताई लांबूनच कुंकू लावायच्या, कारण त्याच्या फटीत काही गेले तर तो बिघडतो हे त्यांना माहीत होते. माझ्या बटणाच्या भोकात काही गेले तर काय होईल, हे कोणाच्या मनातही आले नाही. मला पुसायचे नाही, कारण पूजेचे कुंकू पुसत नाहीत. दर वर्षी नवा थर. माझ्यापुढे हात जोडले गेले, मला मात्र एकदाही कोणी जोडून बघितले नाही. वरदा तेवढी येता-जाता माझ्याकडे बघायची.

वरदा म्हणजे यांची मुलगी. जन्म ग्लासगोचा. मराठी समजायची सगळी, बोलताना मात्र 'तो', 'ती', 'ते' यांतले जे हाताला लागेल ते वापरायची. युनिव्हर्सिटीच्या माउंटेनिअरिंग क्लबाबरोबर एकदा हिवाळ्यात जाऊन आली होती. तिथे तिला कोणीतरी बर्फ कुठे साठतो आणि का घसरतो ते शिकवले होते. आल्यावर तिने ते घरात सांगायचा प्रयत्न केला, तर सुप्रभाताईंनी विचारले, "तिथे जेवायला काय देतात?"

दोन हजार पाच सालच्या दिवाळीत मंडळात अनुप आला. इथून माझा राग खरा सुरू होतो.

अनुप पुण्याचा. ग्लासगोतल्या एका बँकेचे सॉफ्टवेअर सांभाळायला आला होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याचे कोणी ऐकले नसते. सह्याद्रीतले शेकडो किल्ले फिरलेला, रात्रीच्या अंधारात नाळेतून उतरलेला, एकदा कुठल्याशा कड्यावर मधमाश्यांनी फोडून काढलेला. हे सगळे तो इतके रंगवून सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावे, मधमाश्या आपल्याला चावल्या नाहीत ही आपलीच काही कमतरता आहे. फराळ संपायच्या आत ठरले: हिवाळी ट्रेक. प्रमुख अनुप. डॉक्टर, वरदा, आणि अनुपचा रूममेट शार्दूल. शार्दूल नागपूरचा. त्याने बर्फ त्याआधी फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

फेब्रुवारीतला शनिवार उजाडला. मला डिकीतून काढून डॉक्टरांच्या सॅकमध्ये घातले. मला वाटले, चला, आयुष्य मार्गी लागले. मग माझ्या शेजारी स्टीलचा चार पुडांचा डबा आला आणि मला चेपून कोपऱ्यात बसवले.

गाडी ग्लेन कोच्या दिशेने निघाली. डोंगराचे नाव तिथल्या जुन्या गेलिक भाषेत होते. अनुपने ते तीनचार प्रकारे म्हणून बघितले आणि सोडून दिले. मग सगळे त्या डोंगराला नुसते 'हे' म्हणू लागले, सुप्रभाताई डॉक्टरांना म्हणतात तसे.

"बाबा, मी फोरकास्ट बघितली," वरदा मागच्या सीटवरून म्हणाली. "अॅव्हलान्चचा. नॉर्थ-ईस्टच्या स्लोपवर विंडस्लॅब आहे. रात्रभर साउथ-वेस्ट वारा आली ना, तर सगळा बर्फ तिकडे टाकून दिली. हॅझर्ड कन्सिडरेबल दिलंय."

"कन्सिडरेबल म्हणजे?" शार्दूलने विचारले.

"म्हणजे कन्सिडर करण्यासारखा," डॉक्टर म्हणाले. "केला कन्सिडर. पुढे?"

"बाबा, सीरियसली."

"अगं, अनुप आहे ना आपल्याबरोबर."

अनुप वळून मोठ्या मनाने हसला. "वरदा, घाबरू नको. डोंगर सगळीकडे सारखेच. पाय घट्ट, नजर खाली, आणि वर मधमाश्या नाहीत ना तेवढं बघायचं."

मित्रांनो, स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारीत मधमाश्या नसतात. त्या बाबतीत अनुपचे नियोजन चोख होते.

वरदा गप्प बसली. तिला सारे कळत होते, आणि ती गप्प बसली, कारण अनुपदादा मोठा, बाबा त्याहून मोठे, आणि मोठी माणसे बोलत असताना पुन्हा पुन्हा मध्ये बोलणे बरे दिसत नाही. आमच्या घरात अनेक गोष्टी बऱ्या दिसत नसत. मेलेला माणूस कसा दिसतो याचा विचार त्यात कोणी केला नव्हता.

चढण सुरू करण्याआधी अनुपने एक कडक नियम सांगितला. "इथून पुढे कोणी ओरडायचं नाही. हाक नाही, घोषणा नाही. आवाजाने बर्फ कोसळतो. मी बघितलंय."

"कुठे?" वरदा.

"सिनेमात."

"दादा, ते खरं नाहीये. आवाजनी नाही पडत. माणसाच्या वजननी पडते."

"रिस्क कशाला घ्या?" अनुप म्हणाला. तो पूर्ण गंभीर होता. मला सांगा, राग येणार नाही तर काय? ज्याने काही होत नाही त्याला एवढी खबरदारी, आणि ज्याने माणूस मरतो ते 'कन्सिडर' करून मोकळे!

मग चौघे जण कुजबुजत डोंगर चढले. "पाणी दे" कुजबुजत. "बूट सुटला" कुजबुजत. शार्दूल एकदा शिंकला, तर सगळे श्वास रोखून डोंगराकडे बघत उभे राहिले. वरून दोन स्कॉटिश म्हातारे उतरत होते, त्यांनी मोठ्याने "लव्हली डे!" म्हटले, तेव्हा अनुपने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केले. ते टोप्या सावरत निमूट निघून गेले. त्यांना बहुधा वाटले, कुणाची तरी अस्थिविसर्जनाची मंडळी आहेत.

धारेवर पोहोचलो तेव्हा वारा असा होता, की शार्दूलची टोपी थेट समुद्राच्या दिशेने निघून गेली. नैर्ऋत्येचा वारा. एका अंगाचा डोंगर त्याने खरवडून काळा केला होता, दुसऱ्या अंगाला बर्फच बर्फ. गुळगुळीत, फुगीर, सुरेख. गादीवर नवी चादर अंथरावी तसा.

आणि डॉक्टरांना भूक लागली.

"काका, या वाऱ्यात नको," अनुप कुजबुजला. "पलीकडे उतरू थोडं. तो खडक आहे ना, त्याच्या आडोशाला बसू. ट्रेकचा पहिला नियम. जेवायला आडोसा."

आता नीट ऐका. सह्याद्रीत आडोसा म्हणजे सुख. तिथे वारा नाही म्हणजे त्रास नाही. पण बर्फाच्या डोंगरात वारा रिकाम्या हाताने येत नाही. तो एका अंगाचा बर्फ उचलतो, धारेवरून पलीकडे नेतो, आणि जिथे त्याचा दम संपतो तिथे टाकून देतो. जिथे वारा लागत नाही, तिथेच हे सगळे साठते. वरचा थर घट्ट, चुन्याच्या गिलाव्यासारखा, तोच वरदाचा विंडस्लॅब. खाली जुना भुसभुशीत बर्फ, साखरेसारखा. दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा झालेली नसते. वरचा थर नुसता टेकलेला असतो, कोणीतरी पाय ठेवायची वाट बघत. आडोसा म्हणजे वाऱ्याची कचराकुंडी. आमची मंडळी त्या कचराकुंडीच्या काठावर चटई टाकून जेवायला बसली.

"दादा, इथे नको ना," वरदा म्हणाली. "हेच ते स्लोप आहे. फोरकास्टवाला."

"अगं, आपण खडकाला टेकून बसतोय. उतारावर कुठे जातोय?"

"बस गं वरदा, पोळ्या गार होतात," डॉक्टर म्हणाले.

वरदा बसली. पोळीचा तुकडा मोडून तिने तो तसाच हातात धरून ठेवला. तिची नजर उतारावर होती. मला तिचाही राग आला. ओरड की! पण ओरडायला बंदी होती.

पोळ्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, वर गूळ. आणि खडकाच्या त्या काठावर ते खरोखरच सुरक्षित होते. काही झाले नसते. जेवून, डबा आवरून, आल्या वाटेने धारेवर गेले असते आणि अनुपचा आडोसा बरोबर ठरला असता.

पण डॉक्टरांना हात धुवायचे होते.

डॉक्टर देवस्थळींना जेवून हात पुसणे ठाऊकच नव्हते. दिवसभर हॉस्पिटलात नर्सेसना, विद्यार्थ्यांना, भिंतीवरच्या पाट्यांना हात धुवा म्हणून सांगणारा माणूस. शार्दूलने टिश्यू पुढे केला, तर त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने तो स्वतःच्याच तोंडाला लावला. आणि नुसते हात नाहीत. चूळ. चुळीशिवाय जेवण संपत नाही. आणि जिथे माणसे जेवत आहेत तिथे चूळ भरत नाहीत, ही तर सभ्यतेची पहिली पायरी. म्हणून डॉक्टरांनी हातमोजे काढून खडकावर ठेवले, पाण्याची बाटली घेतली, आणि जेवणाऱ्यांपासून चार पावले लांब, स्वच्छ बर्फाकडे निघाले.

"बाबा, नको तिकडे," वरदा म्हणाली. कुजबुजत.

"आलोच गं."

चार पावलांनी त्यांचे समाधान झाले नाही. आणखी थोडे लांब गेले. उतार जिथे फुगून खाली वळतो तिथे उभे राहिले. चूळ भरली. थुंकायला वाकले.

आवाज आला. मोठा नाही. रिकाम्या घरात वरच्या मजल्यावर कोणी गादी टाकावी तसा, "धप्प". डॉक्टरांच्या पायापासून एक रेघ सरसर दोन्ही बाजूंना पळाली, आणि त्या रेघेखालचा सगळा डोंगर, चादर ओढून घ्यावी तसा, निघून गेला. डॉक्टरांसकट.

आणि शार्दूल कुजबुजला, "काका गेले."

कुजबुजला, मित्रांनो! माणूस डोंगराबरोबर वाहून जातो आहे आणि आम्ही नियम पाळतो आहोत!

तेव्हा वरदा ओरडली. "बाबा!" पलीकडच्या डोंगरावरून तिची हाक परत आली. त्या हाकेने बर्फाचा एक कणही जागचा हलला नाही. हवे तर अनुपला विचारा.

"बघत राहा!" ती किंचाळली. "शेवटी कुठे दिसला त्यांना, तिथे बघत राहा! नजर काढू नका! शार्दूल, तू कडेनी खाली जा, फोन लागेपर्यंत जा, नाईन नाईन नाईन! मधून नको, कडेनी!"

बर्फ जिथे घसरायचा होता तिथे घसरून गेला होता. ती आणि अनुप उघड्या पडलेल्या जुन्या घट्ट बर्फावरून धावत, घसरत, पडत खाली उतरले. डॉक्टरांची सॅक तिने उचलली होती. मी त्यात होते. खाली एखादे घर पाडावे तसा ढिगारा. गोठलेली ढेकळे. आणि त्या ढिगाऱ्यातून एक हात वर आलेला. उघडा, लालभडक, नखांत लसणाची चटणी.

बोटे हलत होती. मग हलायची थांबली.

माझा क्षण आला होता. ज्यासाठी जन्मले तो. वरदाने मला ओढून काढले. एका हातात पाते, एका हातात दांडा. बटण दाबले, दांडा सरकवला, आणि 'टक्' झाले नाही.

पुन्हा. नाही.

बटणाच्या भोकात वर्षानुवर्षांचे कुंकू बसले होते, साखरेने चिकटून, हळदीने घट्ट होऊन, आणि त्यात एक अक्षत. तांदळाचा एक पिवळा दाणा. तिने हातमोजा काढून नखाने उकरले, दातांनी बघितले. दांडा आत जाई आणि तसाच बाहेर येई. या डोंगरांत माझ्याएवढी पूजा झालेले दुसरे फावडे नसेल, आणि माझ्याएवढे निरुपयोगीही. मित्रांनो, तो राग मी शब्दांत सांगू शकत नाही. सुप्रभाताईंवर नाही. त्यांनी जे केले ते मायेने केले. माझा राग त्या सर्वांवर आहे ज्यांनी मला बघितले आणि वाटले, आहे ना फावडे, झाले तर!

वरदाने दांडा फेकून दिला, गुडघ्यांवर बसली आणि नुसत्या पात्याने, दोन्ही हातांत धरून, उकरू लागली. थांबलेला बर्फ ओल्या सिमेंटसारखा घट्ट होतो. माझी कड त्यावर आपटत होती आणि तिच्या मनगटापर्यंत हादरा जात होता. अनुपने डब्याचे झाकण घेतले आणि हाताच्या बरोबर वर उभा राहून खाली खणायला लागला.

"वरून नको! खालच्या बाजूने! तू बाबांच्यावर उभा आहेस!"

"पण हात इथे—"

"अनुप, बाजूला हो!"

'दादा' हा शब्द गळून पडला होता. अनुप बाजूला झाला. मग तिने सांगितले तसे, उताराच्या खालच्या अंगाने दोघे आत शिरू लागले. ती फोडायची, तो झाकणाने आणि हातांनी मागे लोटायचा. तो रडत होता आणि लोटत होता. तोंड बंद ठेवून, शिस्तीत. त्या झाकणाबद्दल मला आदर आहे. ते वाकले, चेपले, पण त्याने जेवणाशिवाय दुसरे काही काम कधी पाहिले नसतानाही तक्रार केली नाही.

आधी कानटोपीची लोकर आली. मग कपाळ. मग चेहरा. तोंड बर्फाने भरलेले, ओठ जांभळे. वरदाने बोट घालून बर्फ काढला. श्वास नव्हता. तिने त्यांच्या तोंडाला तोंड लावले आणि हवा भरली. पुन्हा. पुन्हा. खांद्यापासून खाली बाप अजून डोंगरात रोवलेला, आणि मुलगी त्याच्यात हवा भरते आहे. अनुप छातीवरचा बर्फ ओरबाडत होता, कारण छाती दबलेली असेल तर हवा जाणार कुठे?

डॉक्टर खोकले.

डोळे उघडले, बराच वेळ काही ओळखले नाही. मग अगदी हॉस्पिटलातल्या आवाजात विचारले, "किती वेळ होतो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी घड्याळ बघितले नव्हते.

"माहीत नाही, बाबा," वरदा म्हणाली, आणि मग तिचे दात जे वाजू लागले ते थांबेनात.

शार्दूलचा फोन लागला होता. गावातल्या मदत पथकाची माणसे आली, मागून हेलिकॉप्टर आले. डॉक्टरांना गुंडाळून, आडवे ठेवून वर उचलले. पथकातल्या एका दाढीवाल्याने मला उचलले, दांडा शोधून आणला, चाकूच्या टोकाने भोकातून दाणा काढला आणि बराच वेळ तळहातावर घेऊन बघत राहिला.

"हा भात आहे का?" त्याने विचारले.

त्याने मला जोडले. टक्. आणि तसेच वरदाच्या हातात दिले.

डॉक्टर वाचले. पण उजव्या हाताच्या दोन बोटांना थंडीने धरले. सुई टोचली तरी कळेना. पुढचा संपूर्ण उन्हाळा त्यांनी एकही ऑपरेशन केले नाही. संध्याकाळी खिडकीत बसून ती दोन बोटे अंगठ्याला लावून बघायचे, एकदा, पुन्हा, पुन्हा एकदा. त्यांना वाटायचे कोणी बघत नाही.

भेटायला मंडळी येत. "निसर्गापुढे कोणाचं चालतं!" म्हणत. मी जिन्याखाली होते, सगळे ऐकत होते. निसर्गाने काय केले? निसर्गाने रात्रभर बर्फ एका बाजूला रचला, सकाळी फोरकास्टमध्ये तसे जाहीर झाले, आणि तरी तुम्ही त्याच्यावर जाऊन चूळ भरलीत!

आणि गुढीपाडव्याच्या जेवणाला अनुपने तो किस्सा सांगितला. "काका चूळ भरायला गेले, आणि डोंगर घेऊनच खाली आले!" हशा पिकला. डॉक्टरही हसले. वरदा स्वयंपाकघरात श्रीखंडाचे भांडे घेऊन उभी होती. बाहेर आली, भांडे टेबलावर ठेवले.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"अगं, गंमत गं."

"नाही, पुन्हा सांग. पण त्यात मी काय बोलली होती ते पण सांग. गाडीत काय बोलली, वर काय बोलली. आणि तू काय म्हणाला. सगळा सांग, मग हसू."

कोणी हसेना. सुप्रभाताई म्हणाल्या, "वरदा, पाहुणे आहेत."

"हो आई. तिथे पण पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसली."

डॉक्टरांनी उजवा हात टेबलाखाली घेतला. अनुप म्हणाला, "तू बोलली होतीस. मी ऐकलं नाही." आणि श्रीखंड न घेता बसून राहिला. त्याच्यावरचा माझा राग त्या दिवशी थोडा उतरला. थोडाच.

त्यानंतर वरदाने मला उकळत्या पाण्यात घातले. दर रविवारी मागच्या अंगणात तिने चौघांची कवायत सुरू केली. जाड हातमोजे घालून मला जोडायचे, सोडायचे, पुन्हा जोडायचे. तिने कंपोस्टच्या ढिगात एक सॅक पुरली आणि अनुप, शार्दूल यांना खालच्या बाजूने उकरायला लावले. डॉक्टर डाव्या हाताने बटण दाबायला शिकले. मिसेस मॅकायव्हर कुंपणावरून बघायच्या. एकदा त्यांनी हळूच विचारले, "घरचे सगळे बरे आहेत ना?"

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा निघाले. दुसरा डोंगर, तेच चौघे, आणि तोच नैर्ऋत्येचा वारा. आकाश मात्र निळेशार. धारेकडे जाणारी वाट एका फुगीर पांढऱ्या उतारावरून आडवी जात होती. त्या उताराच्या अलीकडे वरदा थांबली. काठीने बर्फ टोचला. कडेच्या एका लहान तुकड्यावर पाय आपटला. पायापासून एक बारीक रेघ पळाली.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आपण परत चाललोय."

"अगं, चार तास ड्राइव्ह केलंय," शार्दूल म्हणाला. "वर पोचलोच की."

"दहा मिनिटांचं काम आहे, वरदा," अनुप म्हणाला. "एकेक करून जाऊ."

"नाही."

तेवढ्यात मागून दोघे गडी आले. लालबुंद गालांचे, आनंदी. "मॉर्निंग!" म्हणाले आणि सरळ त्या उतारावर निघाले. वरदा त्यांना ओरडून म्हणाली, थांबा, स्लॅब आहे. त्यांनी हात हलवला. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. ते मध्यावर गेले. पलीकडे गेले. धारेवर चढले. आणि वरून, मित्रांनो, त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवला.

"बघ," अनुप म्हणाला.

"बघितला."

"काही झालं नाही."

"हो. काही नाही झाला."

तिचे डोळे भरून आले होते. वाऱ्याने नव्हे. कुणालाच कळणार नव्हते ती बरोबर होती की नाही. आता तिच्याकडे सांगायला काहीही उरले नव्हते, तेच एक 'नाही' सोडून. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. ते थोडा वेळ धारेकडे बघत राहिले. त्यांना वर जायचे होते, अगदी मनापासून. मग त्यांनी सॅकचा पट्टा आवळला.

"मी वरदाबरोबर खाली चाललोय," ते म्हणाले.

सगळे उतरले. पार्किंगमध्ये, भर वाऱ्यात, गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून जेवले. शार्दूल रुसला होता. अनुप पोळी अशी चावत होता, की जणू तिनेच डोंगर बंद केला आहे.

त्या दोघा गड्यांचा मला अजूनही भयंकर राग येतो. ते सुखरूप उतरले असतील. पुन्हा तसेच जातील, आणि जे थांबले त्यांना भित्रे म्हणतील. उतार एकदा माफ करतो तेव्हा तो काही शिकवत नाही. तो नुसता गप्प बसतो.

मित्रांनो, मी आता जुने झाले. कडेला पोचे आले आहेत, पिवळा रंग गेला आहे. माझे मागणे फार नाही. मला कोरडे ठेवा. हातमोजे घालून जोडून बघा, घरी, अंगणात, लोक हसले तरी. डोंगरात जाताना आधी विचारा, रात्री वारा कुठून आला आणि त्याने बर्फ कुठे टाकला. आणि तुमच्यातला कोणी, मग तो वयाने सगळ्यांत लहान असो, 'नको' म्हणाला, तर मागे फिरा. नंतर त्याच्यावर हवे तेवढे चिडा. दिवस वाया घालवला म्हणा, भित्रा म्हणा, आठवडाभर बोलू नका. माझी काही हरकत नाही. फक्त हे सगळे घरी जाऊन करा. घरी जाऊन चिडायला आधी सगळ्यांनी घरी यावे लागते.